विश्लेषण : कैदेतल्या महाकाय अजगरांना खायला किती द्यायचे? जास्तीचे खाणे त्यांच्या जिवावर का उठते?

पावसाळा तोंडावर आला की पनवेल परिसरातल्या सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. कर्नाळ्याचे जंगल, माथेरानची डोंगररांग आणि गाढी नदीचा काठ यांना खेटून आता वस्ती वाढली आहे. कुणाच्या खुराड्यात, कुणाच्या बांधकामाच्या खड्ड्यात अजगर निघतो. तो पोत्यात गेला की जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतो, ‘याला खायला काय देणार?’ प्राणिसंग्रहालयात काचेपलीकडे निपचित पडलेला अजगर पाहूनही लोक हेच विचारतात. चोरट्या मार्गाने आणलेले अजगराचे पिल्लू घरात ठेवणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. प्रश्नामागे माया असते, पण अजगराच्या बाबतीत ही माया अनेकदा त्याच्या मुळावर येते. तो उपाशी राहील याची काळजी सगळ्यांना असते. त्याला नको तेवढे भरवले जात आहे, याकडे मात्र ना पाळणाऱ्याचे लक्ष जाते, ना कायद्याचे.

पनवेलकरांचा याच्याशी संबंध काय?

डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून ११ साप जप्त केले. बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत ते दडवलेले होते. त्यातले नऊ होते आफ्रिकेतले बॉल पायथन. त्याच वर्षी जुलैमध्ये तिरुचिरापल्ली विमानतळावर क्वालालंपूरहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत ४७ अजगर निघाले. सप्टेंबरमध्ये बंगळूरुमध्ये बँकॉकहून आलेल्या एका बॅगेत ५५ बॉल पायथन आणि १७ नागराज सापडले. सोबतची सहा माकडे मेलेली होती. हा सगळा माल विमानाने येतो, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ पनवेल तालुक्यातच आहे. उद्या अशी एखादी बॅग इथे उघडली गेली, तर आतल्या जिवांचे काय करायचे हा प्रश्न याच तालुक्यात सोडवावा लागेल.

बॉल पायथन तसा लहान. दीड मीटरच्या आसपास त्याची वाढ थांबते. पण हौसेच्या जागतिक बाजारात त्याच्याच शेजारच्या डब्यात बर्मीज अजगराचे आणि जाळीदार अजगराचे पिल्लूही असते. अंड्यातून निघालेले हे पिल्लू जेमतेम अर्धा मीटर भरते, तळहातावर वेटोळे करून बसते, दिसायला देखणे असते. भरपूर खायला घातले तर बर्मीज अजगर तीन वर्षांत तीन मीटरवर जातो. जाळीदार अजगर त्याहून लांब होतो. जगातला सर्वांत लांब साप तोच. पनवेलच्या जंगलात राहतो तो भारतीय अजगर या दोघांपुढे बेताचा. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात या जातीचा बारकाईने अभ्यास झाला. तिथले पाव हिस्सा अजगर २.७ ते ३.३ मीटरचे होते आणि साडेतीन मीटरच्या पुढे गेलेले फक्त दोन मिळाले. ‘वीस फुटी अजगर’ म्हणून मोबाइलवर फिरणारे कोकणातले व्हिडीओ पाहताना हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अजगर मुळात खातो किती?

‘अजगर’ या शब्दातच त्याची ख्याती आहे. अज म्हणजे बोकड, त्याला गिळणारा तो अजगर. त्यामुळे डोळ्यांपुढे येतो तो सदा भुकेला जीव. परंपरेने मात्र त्याचे दुसरे रूपही टिपले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये अजगर आहे, आणि तो गुरू ठरला तो खादाडपणामुळे नाही. आपणहून जे समोर येईल ते खातो, नाही आले तर दिवसचे दिवस पडून राहतो, हा त्याचा गुण. एकनाथी भागवतातून हा दाखला मराठी घरांत पिढ्यानपिढ्या पोहोचला आहे. प्राणिशास्त्राच्या कसोटीवरही ते निरीक्षण बिनचूक उतरते.

अजगर शिकारीमागे धावत नाही. पाणवठ्याजवळ, जनावरांच्या वाटेवर दबा धरून बसतो. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही; ती ऊब तो उन्हातून, तापलेल्या दगडातून घेतो. माणूस, मांजर, वाघ यांच्या खाण्याचा मोठा भाग शरीर तापते ठेवण्यातच खर्च होतो. तो खर्च अजगराला नाही.

आकड्यांत सांगायचे तर पूर्ण वाढलेल्या मोठ्या अजगराला दर तीन-चार आठवड्यांनी, त्याच्या वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के भक्ष्य पुरते. म्हणजे ३० किलोच्या अजगराला एका वेळी दीड ते तीन किलो. वर्षाचा हिशेब २० ते ५० किलोंच्या दरम्यान येतो. घरातले चार-पाच किलोंचे मांजर दिवसाला २०० ग्रॅम ओले खाणे खात असेल, तर त्याचे वर्षाचे खाणे ७३ किलो होते. सहापट वजनाचा अजगर मांजरापेक्षा कमी खातो. वाढत्या वयातल्या पिल्लांना आठवड्या-दहा दिवसांनी द्यावे लागते, पण अंतर वयाबरोबर वाढवत न्यायचे असते. नेमकी इथेच गडबड होते. पिल्लाच्या वेळचे वेळापत्रक पाळणाऱ्याच्या अंगवळणी पडते आणि अजगर मोठा झाला तरी दर रविवारचा ससा चुकत नाही.

मग जास्त खाल्ल्याने बिघडते काय?

स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात बर्मीज अजगरांवर प्रयोग केले. उपाशी अजगराचे आतडे आक्रसलेले असते, पोटातले आम्ल जवळपास थांबलेले असते, सगळा कारखाना बंद असतो. भक्ष्य गिळले की तो एका दमात सुरू होतो. दोन दिवसांत लहान आतडे दुपटीने वाढते. अजगराने स्वतःच्या वजनाइतके भक्ष्य गिळले तर त्याच्या शरीराचा ऊर्जावापर ४४ पटींपर्यंत चढतो. माणसाच्या जेवणानंतर हीच वाढ दीडपटीच्या आत राहते. २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने आणखी एक भर घातली. जेवणानंतर ४८ तासांत अजगराचे हृदय ४० टक्क्यांनी मोठे होते, आणि पचन संपले की पुन्हा पूर्ववत होते.

म्हणजे गिळून सुस्त पडलेला अजगर आळसात नसतो. बाहेरून हालचाल नाही, पण आत त्याचे शरीर वर्षातले सर्वांत कष्टाचे काम करत असते. ‘अजगरासारखा पडून आहे’ हे आपण आळशी माणसाला ऐकवतो, त्यात अजगरावर अन्यायच आहे.

हे शरीर भरपेट जेवण आणि मग लांब उपास, अशा लयीसाठी घडलेले आहे. दर आठवड्याला भक्ष्य येत राहिले की कारखाना बंद होतच नाही आणि जास्तीची ऊर्जा चरबी होऊन साठते. ती आधी पोटाच्या पोकळीत साचते, मग यकृतात उतरते. कैदेतल्या सापांमध्ये यकृताला चरबी चढणे हा पशुवैद्यांच्या चांगल्या ओळखीचा आजार आहे. लठ्ठ मादीला अंडी घालणे जड जाते. हे सगळे वर्षानुवर्षे आत चालते आणि बाहेरून अजगर नुसता ‘दणकट’ दिसतो. साप कण्हत नाही, लंगडत नाही. एके दिवशी खाणे सोडतो, आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

ओळखायचे कसे, याची खूण साधी आहे. निरोगी अजगराचे शरीर आडव्या छेदात पावासारखे असते, खाली सपाट आणि वर गोलसर. लठ्ठ अजगर सगळीकडून गोल होतो. वळताना कातडीला वळ्या पडतात, दोन खवल्यांमधली कातडी ताणून दिसू लागते आणि जाड धडानंतर शेपूट एकदम बारीक होते. एवढे पाहायला पशुवैद्य लागत नाही. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहिले तरी पुरते.

‘पण तो मागतो ना!’ हा यावरचा नेहमीचा बचाव. जंगलात पुढचे जेवण कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून समोर आलेले भक्ष्य सोडायचे नाही ही त्याची उपजत वृत्ती आहे. भूक असो वा नसो, तो झडप घालतो. त्याने झडप घातली यावरून त्याला भूक होती, असे म्हणता येत नाही.

याला उलट बाजूही आहे. २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका घरात पाळलेला बर्मीज अजगर टाकीतून निसटला आणि त्याने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्याला पुरेसे खायला दिले जात नव्हते, हे पुढे खटल्यात आले. तेव्हा खाणे कमी करा, असा सरसकट सल्ला देता येत नाही. वजन, वय, ऋतू आणि ऊब पाहून खाणे ठरवावे लागते, आणि दिवाणखान्यात अजगर पाळणाऱ्या हौशी माणसाला हे सहसा जमत नाही.

‘जगातला सर्वांत मोठा’ हा हट्ट कुठून येतो?

महाकाय अजगर भरवून घडवण्यामागे तिकीटबारी आहे. लोक लांबी आणि वजन पाहायला येतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ‘बेबी’ नावाची बर्मीज अजगराची मादी प्रदर्शनात ठेवलेली होती. १९९८ मध्ये तिचे वजन १८२.७६ किलो भरले आणि तिची लांबी आठ मीटरच्या पुढे सांगितली जाई. मेल्यावर मोजले तेव्हा ती ५.७४ मीटर निघाली. पिट्सबर्गच्या प्राणिसंग्रहालयातला ‘कोलोसस’ हा जाळीदार अजगरही असाच. त्याची साडेआठ मीटरच्या वर सांगितलेली लांबी प्रत्यक्षात ६.३५ मीटर होती. इंडोनेशियात २००३ च्या अखेरीस १४.८५ मीटरचा अजगर सापडल्याची बातमी जगभर गाजली. पत्रकार टेप घेऊन गेले तर तो सात मीटरांच्या आसपास भरला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाची संस्था ३० फूट म्हणजे नऊ मीटरच्या थोडा वरचा जिवंत साप आणून देणाऱ्याला बक्षीस देणार होती. शेवटी त्याची रक्कम ५० हजार डॉलरवर गेली होती. जवळपास शंभर वर्षांत कुणालाही ते मिळाले नाही आणि २००२ मध्ये ते मागे घेण्यात आले.

खात्रीने मोजलेला आकडा हवा असेल तर तो कॅन्सस सिटीतल्या ‘मेडुसा’चा आहे. २०११ मध्ये या जाळीदार अजगर मादीची लांबी ७.६७ मीटर आणि वजन १५८.८ किलो नोंदवले गेले. तिला धरून मोजायला १५ माणसे लागली. आता ‘बेबी’ आणि ‘मेडुसा’ यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ‘बेबी’ जवळपास दोन मीटरने आखूड होती आणि २४ किलोंनी जड. बर्मीज अजगर अंगाने जाडच असतो हे मान्य केले, तरी एवढा फरक नुसत्या जातीने पडत नाही. लोकांनी तो आकडा मोठेपणा म्हणून पाहिला. त्यातला बराचसा भाग चरबीचा होता.

सर्वांत जड मांजराचा विक्रम नोंदवणे ‘गिनेस’ने बंद केले ते मालक मांजरांना कोंबून भरवतील या भीतीने. अजगरांना ही सवलत अजून मिळालेली नाही.

खाण्याआधी ऊब, आणि ऊबेबरोबर जागा

अजगराला पचवायला बाहेरची ऊब लागते. पिंजऱ्याचा एक भाग ३० ते ३२ अंशांवर आणि दुसरा त्याहून थंड असावा लागतो, म्हणजे तो आपल्या गरजेने इकडून तिकडे सरकू शकतो. ऊब कमी पडली तर गिळलेले भक्ष्य पोटात पचण्याऐवजी सडू लागते आणि अजगर ते ओकून टाकतो. ओकण्याने घसा आणि अन्ननलिका पोळतात, शरीरातले पाणी जाते, पचनाला लागलेली सगळी शक्ती फुकट जाते. अशा अजगराला निदान दोन आठवडे काही न देता मग लहान भक्ष्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. घाबरलेला मालक मात्र ‘ओकला, म्हणजे पोट रिकामे झाले’ असे म्हणून दुसऱ्याच दिवशी पुन्हा भरवतो.

पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातले सर्पोद्यान १९८६ पासूनचे, नीलिमकुमार खैरे यांनी उभे केलेले. थंडीत तिथल्या सापांसाठी दिवे लावून ऊब दिली जाते. लोकांना ही बातमी गमतीची वाटते, पण दिवा लावला नाही तर खाणे थांबवावे लागेल, इतके हे दोन्ही एकमेकांना बांधलेले आहे. पनवेलची हवा पुण्याहून दमट आणि सौम्य असली तरी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्या टाकीतल्या अजगराला पुरेशी ऊब देत नाहीत. दिवा लावायचा तर तोही अजगराच्या आवाक्याबाहेर आणि तापमान नियंत्रकासह. साप गरम बल्बला विळखा घालून बसतो आणि कातडी भाजेपर्यंत हलत नाही. बंदिवासातल्या सापांच्या जखमांमध्ये भाजण्याच्या जखमा पशुवैद्यांना वारंवार दिसतात.

जागेचे म्हणाल, तर साप वेटोळे करून बसतो म्हणून त्याला लहान डबा पुरतो, हा समज जुना आणि सोयीचा आहे. साप सरळ ताणूनही पडतो. तसे पडता येईल एवढी लांबी त्याला मिळायला हवी, असे आता प्राणिकल्याणाचे अभ्यासक सांगतात. पाच मीटरच्या अजगराला पाच मीटर लांब खोली, अंग बुडेल एवढा पाण्याचा हौद, चढायला भक्कम ओंडका. एवढे केले तर तो हिंडतो, स्नायू वापरतो आणि खाल्लेले जाळतो. मुंबई-पनवेल पट्ट्यात एका माणसाला जेवढी खोली मिळते तेवढी अजगराला द्यायला किती जण तयार होतील?

भक्ष्य जिवंत द्यावे का?

नाही. पिंजऱ्यात सोडलेला जिवंत उंदीर किंवा घूस जिवाच्या आकांताने उलट चावते. अजगराला भूक नसेल तर रात्रभरात ती त्याच्या पाठीचे मांस कुरतडते, आणि अजगराला पळायला जागा नसते. भक्ष्याचे हाल तर वेगळेच. चांगल्या संग्रहालयांत मारून गोठवलेले ससे, उंदीर, कोंबड्या पूर्ण वितळवून, अंगाला ऊब येईपर्यंत कोमट पाण्यात ठेवून लांब चिमट्याने दिल्या जातात. बिनहाडाचे मटण किंवा चिकनचे तुकडे उपयोगाचे नाहीत. हाडे, काळीज, कातडीसकट अख्खे भक्ष्य गेले तरच कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिळतात. तीन मीटरच्या पुढच्या अजगराला खायला देताना दोन माणसे हवीत. हाताला सशाचा वास असलेला माणूस आणि ससा यांत तो फरक करत नाही.

खात नसेल तर?

बऱ्याचदा काहीही करायचे नसते. कात टाकण्याआधी डोळे निळसर होतात, तेव्हा अजगर खात नाही. विणीच्या हंगामात नर आठवडेच्या आठवडे तोंड लावत नाही. भारतीय अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून जवळपास दोन महिने उपाशी बसते आणि अंगाचे स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी अशी ऊब निर्माण करतो यावर युरोपातल्या पंडितांचा विश्वास बसत नव्हता. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवणाऱ्या मादीचे तापमान प्रत्यक्ष मोजले गेले तेव्हा तो बसला.

वजन घटत असेल, तोंडातून लाळ किंवा पू येत असेल, श्वासाला घरघर असेल तर पशुवैद्य हवा. ही लक्षणे नसताना काठीने जबडा उघडून मांस कोंबणे हा निव्वळ छळ आहे. त्यात दात तुटतात, घसा फाटतो. नागपंचमीला तहानलेल्या नागाला दूध पाजण्याची जी जात, तीच याची. दूध सापाला पचत नाही हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. अजगराला कोंबडी कोंबू नये, हे अजून तितके ठाऊक नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे; शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आणले आणि ‘परिवेश’ या संकेतस्थळावर मालकांना नोंद करायला सहा महिने दिले. या नियमांचा सगळा भर प्राणी कोणाकडे आहे, जन्मला का, मेला का, कोणाला दिला, यावर आहे. तस्करी रोखायला ते हवेच. पण टाकी किती लांब आहे, गेल्या वर्षी वजन किती वाढले, हे त्यातून कळत नाही.

उरतो तो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे ही क्रूरता आहे. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हीसुद्धा. हे दुसरे कलम अजगराच्या फार उपयोगाचे आहे, पण ते सापासाठी लावायचे कुणाच्या मनात येत नाही. भरवून आजारी पाडणे तर कायद्याच्या कल्पनेतच नाही. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उपाशी बैल आणि लादलेला घोडा होता. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. या पैशांत अजगराच्या एका जेवणाची ब्रॉयलर कोंबडीही येत नाही.

निदान मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांनी आपल्या मोठ्या सापांच्या खाण्याची आणि वजनाची नोंद पिंजऱ्याबाहेरच्या फलकावर लावायला हरकत नसावी. शेवटचे जेवण कधी, पुढचे कधी, वजन किती. ‘हा हलत का नाही’ म्हणून काच वाजवणाऱ्याला त्यातच उत्तर मिळेल.

पकडलेल्या आणि जप्त केलेल्या अजगरांचे काय करावे?

पनवेलमध्ये वस्तीत निघालेल्या जंगली अजगराला काहीही खायला देण्याची गरज नसते. तो निरोगी असेल तर काही दिवसच काय, काही आठवडेही काढू शकतो. सोडण्यापूर्वी ‘एक कोंबडी तरी खाऊन जाऊ दे’ असा आग्रह धरला, तर तो गाडीच्या हादऱ्यांत ती ओकतो. पोट फुगलेला अजगर दिसला आणि तिथून कुणाला धोका नसेल, तर त्याला न हलवणे उत्तम. हलवावेच लागले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून, गर्दी दूर ठेवून, शेपटीला न ओढता, हवा खेळेल अशा पिशवीत. तो गळ्यात घालून काढलेल्या छायाचित्राची किंमत त्याने गिळलेल्या, कित्येक आठवडे पुरणाऱ्या जेवणाएवढी असते.

विमानतळावर जप्त झालेल्या परदेशी पिल्लांचे प्रकरण अवघड आहे. मुंबईतल्या २०२३ च्या प्रकरणातल्या सापांना परत बँकॉकला पाठवण्याचा निर्णय झाला. इथल्या जंगलात त्यांना सोडणे हा पर्यायच नाही. हौशी मालकांच्या हातून सुटलेल्या बर्मीज अजगरांनी फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सचे काय केले, ते सर्वज्ञात आहे. त्यांना हुडकायला २०१७ मध्ये तमिळनाडूतून मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या इरुला सर्पतज्ज्ञांना तिकडे बोलवावे लागले. दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आयुष्याचा हिशेबही मोठा आहे. ‘बेबी’ २७ वर्षे जगली. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये साठीच्या पुढच्या बॉल पायथन मादीने नराच्या सहवासाशिवाय अंडी घातली. बॅगेतून निघालेले पिल्लू परत जाऊ शकले नाही, तर त्याची पुढची वीस-तीस वर्षे कुणाच्या तरी खर्चात आणि जागेत जाणार.

नवी मुंबई विमानतळाजवळ जप्त सापांसाठी एखादी ऊबदार खोली, पाण्याची भांडी, वजनकाटा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य एवढी सोय पहिली जप्ती होण्याआधी व्हायला हवी. पाकिटातून बाहेर काढलेले पिल्लू थंडीने आखडलेले आणि कोरडे पडलेले असते. पहिल्या दिवशी त्याला ऊब, उथळ भांड्यात पाणी आणि अंधारा कोपरा द्यायचा, दुसऱ्या दिवशीही तेवढेच. खायला द्यायचे ते आठवड्याभराने, आणि तेही लहानसेच.